लॅब्रॅडॉर की कारवानी : नाशिकच्या घरासाठी कुत्रा निवडताना

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, सरदार पटेलांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त एकतानगर येथे झालेल्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या पथकासोबत मुधोळ आणि रामपूर हाउंड जातींचे कुत्रे चालताना देशाने पाहिले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी भारतीय जातींचे कुत्रे पाळण्याचे आवाहन केले होते. एरवी ‘कुत्रा घ्यायचा’ म्हणजे ‘लॅब्रॅडॉर घ्यायचा’ असेच समीकरण असलेल्या आपल्या शहरात त्यामुळे आता एक दुसरा प्रश्न ऐकू येतो. मुधोळ हाउंड, म्हणजे आपल्याकडे ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात तो कुत्रा, घरी आणला तर कसा?

नावाचा गोंधळ आधी मिटवू. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब त्यालाच ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही मुधोळ हाउंड याच नावाने त्याची देशी जात म्हणून नोंद केली आहे. या लेखात आपण त्याला कारवानी म्हणू.

घरात बरीच वर्षे कुत्री असल्यामुळे ओळखीचे लोक मला याबाबत विचारतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न जागेचा असतो. आमचा इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आमचा दिंडोरीला मळा आहे, आमचा गंगापूर रोडला बंगला आहे, तर कोणता कुत्रा चालेल? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कुत्र्याला घराचे चौरस फूट मोजता येत नाहीत, त्याला कळते ते घराचे घड्याळ. दुपारी चार वाजता घरी कोण असते, पहाटे सहाला कोण उठते आणि कुत्रा एकटा किती तास राहणार, यावर निवड अधिक अवलंबून असते.

जात म्हणजे नेमके काय

कुत्र्यांची जात म्हणजे माणसाने एका विशिष्ट कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला वाण. नाशिककराला हे द्राक्षांवरून चटकन उमगेल. थॉम्पसन सीडलेस आणि शिराझ ही दोन्ही द्राक्षेच आहेत, परंतु एक ताटात ठेवून खाण्यासाठी निवडले गेले आणि दुसरे वाइनसाठी. शिराझचा घड तोंडात टाकून ‘यात बिया फार आहेत’ अशी तक्रार करणाऱ्याला बागायतदार हसेल, कारण ते द्राक्ष त्या कामासाठी लावलेलेच नसते. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र आपण हीच तक्रार सर्रास करतो. लॅब्रॅडॉर प्रत्येक पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो म्हणून वैतागतो आणि कारवानी हाक मारल्यावर येत नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवतो. वास्तविक दोघेही आपापल्या पूर्वजांची नोकरी इमानाने करत असतात.

म्हणून प्रथम त्या नोकऱ्या समजून घेऊ.

थंड पाण्यातला मदतनीस

लॅब्रॅडॉरचे नाव लॅब्रॅडॉर असले तरी त्याचे मूळ कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांचे कुत्रे बर्फासारख्या पाण्यात उडी घेऊन जाळ्याचे दोर ओढत आणि निसटलेले मासे धरून आणत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील जमीनदारांनी ते कुत्रे नेले आणि बंदुकीने पाडलेले पक्षी शोधून आणण्यासाठी त्यांना घडवले. ‘रिट्रिव्हर’ या शब्दाचा अर्थच ‘आणून देणारा’ असा आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये या जातीला मान्यता दिली.

त्याच्या आजच्या स्वभावातील जवळपास प्रत्येक गोष्ट या कामातून आलेली आहे. पाडलेले बदक दातांनी न फाडता आणायचे, म्हणून त्याचे तोंड हलके असते आणि काहीतरी तोंडात धरून फिरण्याची त्याला अनिवार ओढ असते. घरात त्या ‘काहीतरी’ची जागा आपली चप्पल, उशी किंवा टीव्हीचा रिमोट घेतो. मालकाचा हात जिकडे वळेल तिकडे धावायचे, म्हणून तो सतत माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि पटकन शिकतो. शिकारीच्या दिवशी अनोळखी माणसे व अनोळखी कुत्री यांच्यात भांडण न करता वावरायचे, म्हणून त्याला परका असा कोणी वाटतच नाही. लग्नघरातला तो एक मामा आठवा, जो दोन्ही पक्षांच्या पाहुण्यांना सारख्याच प्रेमाने मिठी मारतो आणि पंगतीत सर्वांत शेवटपर्यंत बसतो. लॅब्रॅडॉर म्हणजे हुबेहूब तो मामा.

त्याचे अंगही त्या पाण्यासाठीच बनलेले आहे. वरचे केस आखूड, राठ, पाणी झटकणारे आणि त्याखाली मऊ, दाट केसांचा दुसरा थर. गोधडीवर रेनकोट घातल्यासारखे. याला दुहेरी आवरण म्हणतात. ते वर्षभर थोडे आणि ऋतू बदलताना फार गळते. वरणात केस निघाला की चेहरा वाकडा करणाऱ्या घराने ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुरे.

नजरेने शिकार करणारा

कारवानी हा ‘साइटहाउंड’ गटातला कुत्रा आहे, म्हणजे वासाचा माग काढत जाण्याऐवजी नजरेने सावज हेरून वेगाने त्याला गाठणारा. ग्रेहाउंड आणि सलुकी हे त्याच गटातले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या माळरानावर सशामागे सोडण्यासाठी तो पाळला गेला. आजच्या कर्नाटकातील मुधोळचे संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला आणि ब्रिटनच्या राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. आज मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे, आणि २००५ साली टपाल खात्याने ज्या चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता.

त्याचा बांधा पाहिला की काम लगेच कळते. छाती खोल, पोट पाठीकडे ओढून घेतलेले, पाय लांब, डोके अरुंद. नराची खांद्यापाशी उंची साधारण ६८ ते ७४ सेंटिमीटर भरते. लॅब्रॅडॉर नर ५६-५७ सेंटिमीटरचा. वजन मात्र उलट. लॅब्रॅडॉर ३० ते ३६ किलोंचा गडी, तर त्याच्याहून वीतभर उंच असणारा कारवानी २० ते २८ किलोंत आटोपतो. त्याला पहिल्यांदा पाहणारे शेजारी हमखास विचारतात, ‘याला खायला घालत नाही का?’ निरोगी कारवानीच्या दोन-तीन बरगड्या दिसणे स्वाभाविक असते, हे आजीला पटवून देणे हे मालकाचे कायमचे काम होऊन बसते.

या कामाचाही स्वभावावर ठसा आहे. ससा दिसला की क्षणात निघायचे, मालक मागे दोन शेते राहिलेला असताना कोठे वळायचे हे स्वतःच ठरवायचे. अशा कुत्र्याला दर पावलाला हुकमाची वाट पाहण्याची सवय असून चालले नसते. त्यामुळे तो बुद्धीने कमी नसतो, स्वतंत्र असतो. तो घरच्या माणसांशी अत्यंत एकनिष्ठ असतो, पण परक्या हाताने डोक्यावरून फिरवलेला हात त्याला बहुधा आवडत नाही. तो चावायला धावत नाही, निमूटपणे बाजूला सरकतो. पळणारी वस्तू दिसली की मात्र त्याचे कान बंद होतात. मांजर, शेळीचे करडू, कोंबडी, कधी सायकलही. पट्टा सोडून गोदापार्कवर मोकळा सोडावा असा हा कुत्रा नव्हे.

नाशिकचे ऊन आणि निफाडची थंडी

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड करण्याचे खरे काम धापा टाकून होते. जीभ व घसा यांवरील ओलावा हवेत उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. हे थेट आपल्या घरातल्या कूलरसारखे आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता वारा फेकतो. कुत्र्याचेही तसेच होते, म्हणून पारा ४० वर असतानाच नव्हे तर पावसाआधीच्या उकाड्यातही त्याला जपावे लागते.

लॅब्रॅडॉर हा कूलर गोधडी पांघरून चालवत असतो. तो नाशिकमध्ये जगत नाही असे मुळीच नाही, येथे हजारो लॅब्रॅडॉर सुखाने नांदतात. पण उन्हाळ्यात त्याला पहाटे आणि रात्रीच फिरवावे, सावलीत पाणी ठेवावे आणि ‘उकडतेय बिचाऱ्याला’ म्हणून त्याचे केस मशीनने मुळापासून काढू नयेत, कारण तेच केस उन्हाचा थेट मारा अडवतात. रोज विंचरून आतले सैल केस काढणे हाच योग्य उपाय. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कोणत्याच कुत्र्याला नेऊ नये.

कारवानी उन्हाला तुलनेने सरावलेला असतो, मात्र त्यालाही सावली लागतेच. त्याची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. निफाड भागात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो तेव्हा आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. त्या रात्री, ज्याच्या अंगावर चरबी जवळपास नाही आणि केस बोटाच्या पेराएवढेही नाहीत, तो कुत्रा उघड्या पडवीत बांधून ठेवणे निर्दयपणाचे आहे. त्याला घरात घ्यावे, नाहीतर जाड गोणपाटाचे अंथरूण आणि अंगावर झूल द्यावी.

मळ्यात रात्री बाहेर साखळीला बांधलेल्या कुत्र्याबाबत आणखी एक गोष्ट नाशिक जिल्ह्यात वेगळी सांगायला नको. उसातून येणाऱ्या बिबट्याला तो कुत्रा राखणदार वाटत नाही, आयते भक्ष्य वाटतो. जात कोणतीही असो.

टाकी भरली तरी बंद न होणारी मोटर

लॅब्रॅडॉर खादाड असतो हे सर्वांना माहीत आहे, त्यामागचे कारण मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांच्या ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकात एक तुकडा गळालेला असतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरले की मोटर बंद करणारा फ्लोट आपण बसवतो. हे जनुक मेंदूला ‘पोट भरले’ असे सांगण्याच्या यंत्रणेत तसेच काम करते. फ्लोट बिघडला की टाकी ओसंडते तरी मोटर चालूच राहते. त्याच गटाने २०२४ मध्ये असेही दाखवले की या कुत्र्यांना भूक जास्त लागते आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च करते. म्हणजे नळ उघडा आणि वापर कमी.

म्हणून लॅब्रॅडॉरने करुण डोळ्यांनी पोळीकडे पाहिले की ‘खाऊ दे, खाण्यापिण्याचे वय आहे’ असे म्हणणारे आजोबा त्याचे आयुष्य कमी करत असतात. हे मी रागाने लिहीत नाही. ४८ लॅब्रॅडॉरांवर चौदा वर्षे चाललेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या जोडीच्या भावंडाहून पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे साधारणपणे १.८ वर्षे अधिक जगले. कुत्र्याच्या बारा वर्षांत पावणेदोन वर्षे म्हणजे केवढी!

नाशिकच्या घरात या खादाडपणाला एक वेगळा धोका जोडलेला आहे. आपल्या जिल्ह्याची दोन मानाची पिके, द्राक्ष आणि कांदा, ही दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. द्राक्षातील टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे, आणि किती द्राक्षे खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलते, त्यामुळे ‘दोन मण्यांनी काय होते’ असा हिशेब चालत नाही. कांदा कच्चा, शिजवलेला किंवा भाजीच्या रश्श्यातला, कोणत्याही रूपात कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि काही दिवसांनी रक्तक्षय दिसू लागतो. हंगामात पडवीत क्रेट भरून ठेवणाऱ्या, चाळीत कांदा साठवणाऱ्या घराने लॅब्रॅडॉर आणण्याआधी साठवणीला दार लावावे. कुत्र्याने द्राक्षे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

कारवानीला हे विष कमी लागते असे नाही. फक्त तो बहुधा खाण्यात चोखंदळ असतो, त्यामुळे खाली सांडलेले सगळेच गिळत नाही.

मग फ्लॅटला लॅब्रॅडॉर आणि मळ्याला कारवानी, असे सोपे गणित नाही का?

हे गणित जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असते आणि ते निम्मेच बरोबर आहे.

फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरचा विचार करा. पहिली अडीच-तीन वर्षे तो दांडगट मुलासारखा असतो. नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला अंबड किंवा सातपूरला कामावर गेले, मुले शाळेतून शिकवणीला गेली, आणि माणसाच्या सहवासासाठी घडवलेला हा प्राणी नऊ तास एकटा राहिला, तर संध्याकाळी सोफ्याचा कापूस खोलीभर पसरलेला सापडतो. त्यात त्याचा दोष नसतो. जागा लहान आहे म्हणून तो हे करत नाही, काम नाही आणि माणूस नाही म्हणून करतो. याउलट त्याच फ्लॅटमध्ये निवृत्त आजी-आजोबा दिवसभर असतील आणि त्याला सकाळ-संध्याकाळ तास-तासभर फिरवणारे, चेंडू फेकणारे कोणी असेल, तर तो तेथे राजासारखा राहील. एक गोष्ट लक्षात घ्यावी, की ३० किलोंचा तरुण कुत्रा पट्ट्याला हिसका देतो तेव्हा सत्तरीतील माणूस पडू शकतो. फिरवण्याची जबाबदारी तरुणांचीच असावी.

कारवानीबाबत लोकांना आश्चर्य वाटते ते हे, की असा वेगवान कुत्रा घरात विलक्षण शांत असतो. तो शंभर मीटर धावणारा खेळाडू आहे, मॅरेथॉन धावणारा नव्हे. वीस मिनिटे जीव तोडून धावायला मिळाले की बाकी दिवस तो मऊ गादी शोधून पाय पसरून झोपतो. पण ती वीस मिनिटे चारही बाजूंनी बंद असलेल्या जागेतच हवीत, आणि शहरात अशी जागा मिळवणे हीच अडचण आहे. ज्या सोसायटीला पक्की भिंत व फाटक आहे आणि पहाटे आवार मोकळे असते, तेथे फ्लॅटमधला कारवानी मला अशक्य वाटत नाही.

आणि मळा? मळा मोठा असतो, बंदिस्त नसतो. द्राक्षबागेत मांडवाच्या तारा, कडेला काटेरी कुंपण आणि मध्येच धावणारा ससा, अशा ठिकाणी ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने निघालेल्या, पातळ कातडीच्या कुत्र्याचे काय होते, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे ते विसरत नाहीत. शिवाय फवारणीच्या दिवसांत कोणताही कुत्रा बागेत सोडू नये, हा नियम घरातल्या सालगड्यापासून लहान मुलांपर्यंत सर्वांना माहीत हवा.

लॅब्रॅडॉरसाठी मळ्यातला सापळा निराळा आहे, आणि तो म्हणजे शेततळे. पाणी दिसले की त्यात उडी घ्यायची हे त्याच्या रक्तातच आहे, आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या तिरप्या काठावर नखे रुतत नाहीत. उत्तम पोहणारा कुत्राही काठाशी येऊन घसरत घसरत थकून बुडतो. तळ्याला कुंपण घालणे आणि काठावरून पाण्यात जाडसर दोरीची जाळी किंवा जुन्या टायरांची माळ सोडून ठेवणे, एवढ्याने हा धोका टळतो. तीच जाळी पाण्यात पडलेल्या माणसालाही वर यायला उपयोगी पडते, म्हणून कुत्रा नसला तरी ती असावी.

राखणीला कोण चांगला?

चोराला घाबरवण्यासाठी कुत्रा हवा असेल तर लॅब्रॅडॉरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा आवाज भारदस्त असतो, फाटकाबाहेरच्या माणसाला तेवढ्याने धाक बसतो. आत आलेल्याचे मात्र तो स्वागत करण्याची शक्यता अधिक. कारवानी अनोळखी माणसाची चाहूल लवकर घेतो आणि त्याच्यावर नजर ठेवतो. सैन्याच्या मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरने २०१६ पासून मुधोळ हाउंडना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली ती त्यांच्या चपळाईमुळे. तरीही सैन्यातील कुत्र्यामागे एक पूर्ण वेळचा प्रशिक्षित जवान असतो, हे विसरून ‘सैन्यात आहे म्हणजे आपल्या बंगल्याला उत्तम’ असा निष्कर्ष काढू नये. नुसत्या राखणीसाठी कुत्रा घेणाऱ्यांना मी फाटकाला चांगले कुलूप आणि कॅमेरा घ्यायला सांगतो, कारण कुत्र्याचा खर्च बारा वर्षे चालतो.

देशी कुत्र्याला दवाखाना लागत नाही, हे खरे का?

नाही. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर आणि गोचिडांमुळे होणारा ताप यांना देशी-विदेशी हा भेद कळत नाही. कारवानीलाही सर्व लसी वेळापत्रकाप्रमाणे द्याव्या लागतात आणि रेबीजची लस दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डुंबणाऱ्या लॅब्रॅडॉरला लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, लस तर विशेष आवश्यक.

खरा फरक जातीला चिकटलेल्या आजारांत आहे. लॅब्रॅडॉरमध्ये ‘हिप डिस्प्लेजिया’ आढळतो. खलात बत्ता नीट बसावा तसे मांडीच्या हाडाचे डोके कमरेच्या खोबणीत बसायला हवे. या दोषात खल उथळ राहतो, बत्ता हलत राहतो आणि काही वर्षांत सांधा झिजतो. अतिवजन आणि घरातील गुळगुळीत फरशी यांमुळे त्रास वाढतो, म्हणून पिल्लू वाढत असताना त्याच्या वावराच्या जागी चटई किंवा सतरंजी अंथरावी. लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल राहून जंतुसंसर्ग होतो, तेव्हा प्रत्येक आंघोळीनंतर कान कोरडे करावेत. सध्या ज्यांना फार मागणी आहे त्या चॉकलेटी रंगाच्या पिल्लांबाबतही एक सावधगिरी हवी. ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्रॅडॉरांचे साधारण आयुष्य १०.७ वर्षे आढळले, इतर रंगांचे १२.१. रंगासाठी जास्त पैसे मोजणाऱ्याने हे जाणून मोजावेत.

साइटहाउंडांना शस्त्रक्रियेच्या वेळी जपावे लागते. अंगात चरबी कमी असल्यामुळे आणि त्यांच्या यकृतात काही औषधांचा निचरा सावकाश होत असल्यामुळे भुलीच्या काही औषधांतून ते उशिरा शुद्धीवर येतात. ग्रेहाउंडमध्ये हे चांगले अभ्यासले गेले आहे. नसबंदीला नेताना ‘हा कारवानी आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध निवडतात.

‘आमच्या शेजारचा लॅब्रॅडॉर तर चावरा होता’

असेलही. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना विचारून आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे समजावता येतो. मग वरचे सगळे विवेचन फोल ठरते का? तसे नाही. त्याच अभ्यासात माणसाच्या सूचना पाळण्याचा कल हा गुण जातीशी सर्वांत जास्त जोडलेला आढळला, आणि लॅब्रॅडॉर व कारवानी यांच्यात मी सर्वाधिक भर दिला आहे तो नेमका याच गुणावर. उंची, केस, चरबी, भूक, धावण्याची पद्धत या शारीरिक गोष्टी तर जातीप्रमाणे येतातच. लाघवी की तुसडा, भित्रा की धीट, हे मात्र बरेचसे त्या पिल्लावर आणि त्याच्या पहिल्या काही आठवड्यांवर ठरते. तीन ते सुमारे चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाने जे पाहिले, ऐकले, हुंगले ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. रिक्षा, कुकरची शिटी, लहान मुले, फटाक्यांचा आवाज, अशा सर्वांची या काळात हळूहळू ओळख करून द्यावी. लसीकरण पूर्ण झालेले नसल्याने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, तेव्हा उचलून कडेवर फिरवावे. मूळचा बुजरा असलेल्या कारवानीसाठी हे आठवडे वाया घालवणे फार महागात पडते.

सोसायटीने हरकत घेतली तर?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरू देणार नाही असेही म्हणता येत नाही. मात्र पट्टा बांधणे, घाण उचलणे आणि लस टोचणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती पाळणाऱ्याला नियम दाखवण्याची वेळ सहसा येत नाही. महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणीही करून घ्यावी. केंद्राने मार्च २०२४ मध्ये ज्या २३ ‘हिंस्र’ जातींवर निर्बंध घालण्याचे पत्र काढले होते, त्यांत हे दोन्ही कुत्रे नव्हते. ते पत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले.

मग गावठीच का नको?

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. ज्या घराला ना चेंडू आणून देणारा हवा आहे ना ससा गाठणारा, ज्यांना फक्त एक सोबती हवा आहे, त्यांनी रस्त्यावरचे निरोगी पिल्लू दत्तक घ्यावे. आपल्या हवेत शतकानुशतके टिकलेला तो कुत्रा आहे. त्याला ना दुहेरी गोधडी, ना कागदासारखी कातडी. नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्या आणि घरी कोणीही नसणाऱ्या कुटुंबाला मात्र मी तिन्हींपैकी एकही घेऊ नका असेच सांगतो, आणि त्यामुळे काहींचा रागही ओढवून घेतो.

पिल्लू बघायला गेल्यावर

घड्याळाचा हिशेब जुळला आणि दोहोंपैकी एक ठरला, की पिल्लू कोठून आणायचे हा प्रश्न उरतो. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. महिनाभराचे पिल्लू खोक्यात घालून देणाऱ्याकडून कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आईच्या दुधावरून आणि भावंडांतून ते लवकर तोडलेले असते, आणि भावंडांशी खेळतानाच ते दात किती लावायचे हे शिकत असते.

लॅब्रॅडॉर घेताना आई-वडिलांच्या कमरेच्या एक्स-रेबद्दल विचारावे. कारवानी घेताना ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले त्याच नावाने विकली जातात हे ध्यानात ठेवून, शक्य असल्यास दोन्ही पालक पाहावेत. दोन्ही जातींत आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा आणि आपण अंगणात शिरल्यावर ती काय करते हे पाच मिनिटे शांतपणे बघावे. लॅब्रॅडॉर मादी शेपटी हलवत आली आणि कारवानी मादीने लांब उभे राहून आपल्याला न्याहाळले, तर दोन्ही ठीक आहे. आई भीतीने कोपऱ्यात दडली किंवा अंगावर धावून आली, अथवा ‘आई दुसरीकडे आहे’ असे उत्तर मिळाले, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी पैसे खिशात ठेवून परत यावे.